आवाज कोपऱ्यावरून वळतो, मग प्रकाश का नाही?

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार! गणपतीत ढोल-ताशा पथक अजून पलीकडच्या गल्लीत असतं, दिसत नसतं, पण ढोल ऐकू यायला लागतो. धम्, धम्, धम्. आता आठवून बघा, तेव्हा ताशा ऐकू येतो का? येतो, पण अगदी पुसट. पथक वळून समोर आलं की मग ताशाची कडकड एकदम कानात घुसते.

दोन्ही वाद्यं एकाच जागी वाजतायत. दोघांचा आवाज हवेतून सारख्याच वेगाने, सेकंदाला साधारण 340 मीटरने येतोय. मग कोपऱ्याआडून ढोल एवढा ठळक आणि ताशा पुसट, असं का?

कारण तरंगलांबी. आवाज म्हणजे हवेचं दाबलं जाणं आणि सैल होणं. एका दाबापासून पुढच्या दाबापर्यंतचं अंतर ती तरंगलांबी. ती काढायची कशी? वेगाला वारंवारतेने भागायचं. वारंवारता म्हणजे एका सेकंदात किती लाटा येतात तो आकडा, तो हर्ट्झमध्ये मोजतात. ढोलाचा खालचा, घुमणारा आवाज समजा 100 हर्ट्झचा धरला, तर 340 भागिले 100, म्हणजे 3.4 मीटर. एक लाट जवळजवळ एका खोलीएवढी! ताशाच्या कडकडाटातला 3400 हर्ट्झचा आवाज घ्या. त्याची लाट फक्त 10 सेंटिमीटरची.

[फळ्यावर चित्र: बांबू, होडी, लाटा]

नदीत रोवलेला बांबू बघितलाय ना? लाट त्याला वळसा घालून पुढे जाते, बांबूमागे पाणी शांत राहत नाही. पण मोठी होडी आडवी उभी असेल तर तिच्यामागे पाणी निवांत असतं. अडथळा लाटेच्या लांबीच्या मानाने लहान असेल तर लाट त्याला वळसा घालते, मोठा असेल तर मागे सावली पडते. या वळण्याला विवर्तन म्हणतात. इमारतीच्या कोपऱ्यावर ढोलाची लांब लाट भरपूर वळते, ताशाची छोटी लाट कमी वळते. (भिंतीतूनही खालचा आवाज जास्त आत शिरतो, पण ते कारण वेगळं. आपण मोकळ्या गल्लीच्या कोपऱ्याबद्दल बोलतोय.)

आता प्रकाश. त्याला हवा लागत नाही, पोकळीतूनही तो सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर जातो. पण आजच्या प्रश्नात वेगाचं काम नाही. काम आहे लांबीचं. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर. एका मिलिमीटरचे हजार भाग करा, त्यातल्या एका भागाच्याही अर्धी! एवढ्या छोट्या लाटेला तुमच्या दाराची चौकट म्हणजे डोंगरच. म्हणून दाराआडचा माणूस ऐकू येतो, पण दिसत नाही.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण खुद्द न्यूटन इथेच अडला होता. 'ऑप्टिक्स' या ग्रंथात त्याने आक्षेप घेतला की आवाज वाकड्या नळीतूनही जातो, प्रकाश मात्र सावलीत वळताना दिसत नाही, मग तो लाट कसा असेल? तर्क चोख होता. लाट किती छोटी असू शकते, हा अंदाज मात्र नव्हता.

पुढे 1818 मध्ये फ्रेनेल नावाच्या तरुण फ्रेंच इंजिनिअरने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत प्रकाश ही लाटच आहे असं गणित मांडलं. परीक्षकांत पॉयसाँ नावाचा गणितज्ञ होता, पक्का कणवादी, म्हणजे प्रकाश लाट नसून बारीक कणांचा असतो असं मानणारा. त्याने तेच गणित पुढे नेलं आणि म्हणाला, हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मधोमध उजेडाचा ठिपका दिसायला हवा. हे तर अशक्यच! दुसरा परीक्षक अरागो याने वाद घालत न बसता छोटी धातूची चकती घेऊन प्रयोग केला. ठिपका दिसला. सावलीच्या मध्यभागी, जिथे अंधार असायलाच हवा होता, तिथे. बक्षीस फ्रेनेलला मिळालं.

[खोलीत अंधार, लाल लेझर, कॅमेरा भिंतीकडे]

आता हे इथेच बघूया. हा साधा लाल लेझर पॉइंटर, आणि हा माझ्या डोक्याचा केस, पुठ्ठ्याच्या भोकावर उभा ताणून चिकटवलाय. भिंत 2 मीटर दूर. लेझर बरोबर केसावर धरतो... बघा. केसाची काळी रेघ पडायला हवी होती ना? त्याऐवजी मधे ठळक रुंद ठिपका आहे आणि दोन्ही बाजूंना आडवे ठिपके पसरलेत, त्यांच्यामधे काळ्या जागा. केसाच्या दोन्ही कडांवरून प्रकाश वळला, लाटा कुठे एकमेकींत मिळाल्या, कुठे एकमेकींना खोडून गेल्या.

एका बाजूच्या लागोपाठ दोन काळ्या जागांमधलं अंतर मोजतो. जवळपास 2 सेंटिमीटर. लाल लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर, गुणिले 2 मीटर, भागिले 2 सेंटिमीटर. उत्तर 65 मायक्रोमीटर, म्हणजे 0.065 मिलिमीटर. ही केसाची जाडी! साध्या पट्टीने आपण केस मोजला.

घरी करताना लेझर कुणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि समोर आरसा किंवा काच नको. लेझर नसेल तर दोन पेन्सिली एकमेकींना जवळजवळ चिकटवून डोळ्यासमोर धरा आणि फटीतून ट्यूबलाइटकडे बघा, सूर्याकडे अजिबात नाही. फट ट्यूबला समांतर ठेवा, हळूहळू बारीक करा. फटीत काळ्या बारीक रेघा दिसतील. लेझर असेल तर आजीचा, बाबांचा, लहान भावंडाचा केस मोजा आणि कुणाचा किती जाड निघाला ते खाली लिहा.