पिटुफिक : गोठलेल्या जमिनीवरचा पहारा

[दृश्य : विमानातून दिसणारी खाडी, सपाट माथ्याचा डोंगर, पांढरी धावपट्टी]

ही धावपट्टी नीट बघा. ती बर्फामुळे पांढरी दिसत नाहीये, तिला पांढरा रंग दिलाय. डांबर काळं ठेवलं, तर ते ऊन शोषून घेतं, खालची गोठलेली जमीन वितळते आणि तीन किलोमीटरची धावपट्टी जागोजागी खचू लागते. म्हणून १९५०च्या दशकापासून इथे लष्कराला रंगाऱ्यांचीही गरज पडते.

हा ग्रीनलँडचा वायव्य किनारा. तळाचं जुनं नाव थुली, २०२३पासून पिटुफिक स्पेस बेस. आर्क्टिक वृत्त इथून सुमारे अकराशे किलोमीटर मागे, दक्षिणेला राहिलं. उत्तर ध्रुव पुढे दीड हजार किलोमीटरवर. अमेरिकेच्या सैन्याचं याहून उत्तरेला एकही ठाणं नाही.

पण इतक्या लांब, इतक्या थंडीत कशासाठी? भिंतीवरच्या नकाशात याचं उत्तर सापडणार नाही. पृथ्वीगोल घ्या. एक बोट रशियाच्या मध्यावर ठेवा, दुसरं अमेरिकेच्या मध्यावर, आणि मध्ये दोरा ताणा. दोरा अटलांटिकवरून जात नाही, ध्रुवाजवळून जातो. शीतयुद्धात बॉम्बफेकी विमानं याच वाटेने जाणार होती, नंतर क्षेपणास्त्रंही याच वाटेने येणार होती. या वाटेच्या कडेला, उन्हाळ्यात जहाज लागेल असं बंदर आणि सपाट जमीन एकाच ठिकाणी होती. ती इथे.

[दृश्य : जुनी छायाचित्रं, कुत्र्यांच्या गाड्या, लाकडी घरं]

अर्थात ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. इनुघुइत, म्हणजे या भागातले मूळ रहिवासी, शिकारीवर जगत इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९१०मध्ये कनुड रासमुसेन आणि पीटर फ्रॉइखेन या डॅनिश शोधप्रवाशांनी त्या सपाट डोंगराच्या पायथ्याशी व्यापारी ठाणं उघडलं आणि त्याला थुली हे नाव दिलं. कोल्ह्यांची कातडी द्यायची, बदल्यात बंदुका, चहा, अवजारं घ्यायची. याच ठाण्याच्या कमाईवर रासमुसेनच्या मोहिमा निघत.

ग्रीनलँड तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क घेतलं. बरोबर एका वर्षाने वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत हेन्रिक कॉफमन यांनी ग्रीनलँडच्या संरक्षणाचा करार अमेरिकेशी करून टाकला, तोही स्वतःच्या जबाबदारीवर. कोपनहेगनने त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला. युद्ध संपल्यावर मात्र तोच करार संसदेने मंजूर केला. मग १९४६मध्ये अमेरिकेने आणखी पुढचं पाऊल टाकलं : दहा कोटी डॉलरचं सोनं देतो, बेटच विकून टाका. डेन्मार्कने बेट विकलं नाही. २७ एप्रिल १९५१ला नवा संरक्षण करार मात्र झाला.

करार झाला आणि दीड महिन्याच्या आत जहाजं निघाली. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून, अत्यंत गुप्तपणे. मोहिमेचं नाव ऑपरेशन ब्लू जे. सुमारे १२० जहाजं, १२ हजार माणसं. खाडी जेमतेम अडीच-तीन महिने मोकळी असते, त्यामुळे काम चोवीस तास. उन्हाळ्यात इथे सूर्य मावळत नाही, तेव्हा दिव्यांचीही गरज नव्हती.

खरी अडचण थंडीची नव्हती, उबेची होती. घर गरम केलं की जमीन वितळणार आणि घर कलणार. मग घरं जमिनीपासून वर उचलली. भिंतींना शीतगृहात वापरतात तसले जाड तक्ते लावले. अवजड विमानशाळा उचलता येईना, तेव्हा तिच्या फरशीखाली मोठे नळ टाकून त्यांतून बाहेरची गार हवा खेळवली. आत मेकॅनिक उबेत काम करणार आणि त्याच्या पायाखाली जमीन गोठलेलीच राहणार. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ आजही जमिनीवरूनच जातात.

[दृश्य : कानाक गावाची रंगीत घरं]

मे १९५३. तळाला विमानविरोधी तोफांसाठी आणखी जागा हवी होती. इनुघुइत कुटुंबांना काही दिवसांची मुदत मिळाली, आणि शंभराहून अधिक माणसं कुत्र्यांच्या गाड्यांवर बिऱ्हाड बांधून शंभरेक किलोमीटर उत्तरेला कानाकला गेली. तिथली घरं तयार नव्हती. उन्हाळा तंबूत काढावा लागला. ५ जून १९५३ला डेन्मार्कची नवी राज्यघटना लागू झाली, ग्रीनलँड वसाहत न राहता देशाचा भाग झालं, म्हणजे तिथल्या लोकांना घटनेचं संरक्षण मिळालं. हलवाहलव त्याआधी काही दिवस उरकली होती. योगायोग म्हणायचा, तर फारच सोयीचा.

१९९९मध्ये डॅनिश न्यायालयाने हे सक्तीचं विस्थापन होतं, असं मान्य केलं. समाजाला पाच लाख क्रोनर भरपाई मिळाली, पंतप्रधानांनी माफी मागितली. परत जाण्याचा हक्क मात्र मिळाला नाही; २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला.

[दृश्य : रडारचे प्रचंड पडदे]

१९६०च्या सुमारास क्षेपणास्त्रांची चाहूल घेणारं रडार इथे उभं राहिलं. सव्वाशे मीटर रुंद आणि पन्नास मीटर उंच असे चार पडदे. ५ ऑक्टोबर १९६०ला त्याने मोठ्या हल्ल्याचा इशारा दिला. सुदैवाने त्या वेळी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह स्वतःच न्यूयॉर्कमध्ये होते. रडारला दिसला होता नॉर्वेवर उगवणारा चंद्र!

आता नवाच प्रश्न. थुलीशी संपर्क तुटला, तर तार बिघडली समजायचं की तळ उडवला? खात्री करायला एक बी-५२ बॉम्बफेकी विमान तळावर सतत घिरट्या घालू लागलं. त्यात हायड्रोजन बॉम्ब असत.

२१ जानेवारी १९६८. विमानात फोमच्या जादा गाद्या होत्या. त्या एका आसनाखाली, गरम हवेच्या झरोक्यापाशी कोंबलेल्या. कर्मचाऱ्यांना थंडी वाजू लागली म्हणून इंजिनाची तप्त हवा आत घेतली. जळक्या रबराचा वास आला. अग्निशामक नळकांडी संपली, धूर दाटला, वीज गेली. ध्रुवीय रात्र होती. खाली तळाचे दिवे दिसताच वैमानिकाने उडी मारायचा हुकूम दिला. सातपैकी सहा जण वाचले. सहवैमानिकाने आपली जागा बदली वैमानिकाला दिली होती, त्यामुळे त्याच्याकडे बाहेर फेकणारं आसन नव्हतं. तो गेला.

विमान बारा किलोमीटरवर, गोठलेल्या समुद्रावर आदळलं. आत चार बॉम्ब होते. अणुस्फोट झाला नाही, पण साधी स्फोटकं फुटली आणि प्लुटोनियम बर्फावर पसरलं. पुढचे काही महिने अमेरिकन सैनिक आणि डॅनिश कामगार तो काळवंडलेला बर्फ खरवडून टाक्यांत भरत होते. उन्हाळ्यात जहाजांनी तो अमेरिकेला नेला. अण्वस्त्रं घेऊन सतत उडण्याची पद्धत त्यानंतर लगेच बंद झाली.

कोपनहेगनचं अधिकृत धोरण होतं, आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. १९९५मध्ये मात्र १९५७चं एक पत्र उघड झालं. त्यात तेव्हाचे पंतप्रधान एच. सी. हान्सन यांनी ग्रीनलँडमध्ये अण्वस्त्रं ठेवायला अमेरिकेला होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. राजकारण्यांना हे छान जमतं. टाक्या भरणाऱ्या कामगारांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

[दृश्य : आजचा तळ, बंदरात मालवाहू जहाज]

शीतयुद्धात इथे दहा हजारांपर्यंत माणसं होती. आज अमेरिकन सैनिक साधारण दीडशे. बाकीचा डोलारा डॅनिश आणि ग्रीनलँडच्या कामगारांवर चालतो. जुने पडदे जाऊन १९८७मध्ये दोन तोंडांचं रडार आलं. त्याची नजर क्षेपणास्त्रांवर आणि अंतराळात फिरणाऱ्या वस्तूंवर असते. शेजारीच उपग्रहांशी बोलणाऱ्या तबकड्या आहेत. ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह जवळपास प्रत्येक फेरीत यांच्या टप्प्यात येतो. विषुववृत्ताजवळच्या केंद्राला हे भाग्य नाही.

वर्षभराचा अवजड माल उन्हाळ्यातल्या जहाजांनी येतो, पुढे बर्फफोडे जहाज वाट काढत असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य उगवत नाही. वादळाचे टप्पे ठरलेले आहेत : अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा. डेल्टा जाहीर झाला की असाल तिथेच थांबायचं. रस्त्यांच्या कडेला अडकलेल्यांसाठी छोट्या खोल्या बांधल्यात. हे नुसतं सावधगिरीचं नाटक नाही. ८ मार्च १९७२ला इथे ताशी ३३३ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेलाय.

मार्च २०२५मध्ये अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स इथे आले आणि डेन्मार्कने ग्रीनलँडच्या सुरक्षेकडे दुर्लक्ष केल्याचं सांगून गेले. त्यांच्या बोलण्यापासून तळाला वेगळं ठेवणारा ईमेल कमांडर कर्नल सुझाना मेयर्स यांच्या नावाने बाहेर आला, आणि एप्रिलमध्ये त्यांना पदावरून हटवण्यात आलं. बेट ताब्यात घेण्याची भाषा वॉशिंग्टनमध्ये तेव्हा जोरात होती. पण १९५१चा करार रद्द झालेला नाही. २००४मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ग्रीनलँडचं सरकारही त्यात सही करणारा पक्ष झालं. रडार चालवायला, विमानं उतरवायला, जहाजं आणायला अमेरिकेला जे लागतं, ते त्यात आधीच आहे.