पार्मिजानो, ग्राना आणि पेकोरिनो: ओळखायचं कसं?

ताटलीतले या तीन कडक इटालियन चीजचे तुकडे एवढ्यात तोंडात टाकू नका. आधी त्यांची साल बघा. एकीवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं दिसतील, 'पार्मिजानो रेज्जानो'. चीज साच्यात ओलं असतानाच ती उमटतात. दुसरीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन आणि त्यांत 'ग्राना पादानो'. तिसरीवर मेंढीचं तोंड. तो पेकोरिनो रोमानो. दुकानात साल असलेलाच तुकडा मागायचा तो यासाठी. किसलेल्या पाकिटात हा पुरावाच नसतो.

पहिली दोन्ही गाईच्या, काहीशी साय काढलेल्या, न तापवलेल्या दुधाची. त्यामुळे गोंधळ होतो तो यांच्यातच. पार्मिजानोचा मुलूख लहान आहे: पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या व मांतोवा या जिल्ह्यांचे काही भाग. ग्राना पो नदीच्या खोऱ्यात कितीतरी दूरवर बनतं. पण मला खरा फरक वाटतो तो गाईंच्या चाऱ्याचा. पार्मिजानोच्या गाईंना मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, चालत नाही, गवत आणि वाळलेला चाराच हवा. मुरघासातून दुधात असे जंतू येतात, जे काही महिन्यांनी चीजमध्ये वायू धरतात आणि आतून भेगा पाडतात. ग्रानाच्या गाईंना मुरघास चालतो. म्हणून त्या चीजमध्ये या जंतूंना रोखणारं लायसोझाइम घालायची मुभा आहे. हे अंड्याच्या पांढऱ्यातून काढतात. पार्मिजानोत दूध, मीठ आणि दूध विरजणारं रेनेट, बस्स.

मुरण्याचा काळही वेगळा. ग्राना 9 महिन्यांनंतर विकता येतं, पार्मिजानो किमान 12, आणि चांगल्या दुकानात 24 किंवा 36 महिन्यांचंही मिळतं. आता तोडून बघा, कापू नका. जुनं पार्मिजानो ढेकळासारखं फुटतं आणि दाताखाली पांढरे कण कुरकुरतात. ते मीठ नाही, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत. कोवळं ग्राना मऊ, दुधाळ लागतं. रिसोत्तो या इटालियन मऊ भातात किंवा सूपमध्ये ढवळायला ते उत्तम. तिथे 36 महिन्यांचं पार्मिजानो घालणं मला उधळपट्टी वाटते. ते नुसतं खावं, नाशपाती आणि अक्रोडाबरोबर.

पेकोरिनोचं गणित निराळं. मेंढीचं दूध, झणझणीत वास आणि मीठ भरपूर. नाव रोमचं असलं तरी बहुतेक माल सार्डिनिया बेटावर तयार होतो. रोमकरांच्या काचो ए पेपे, ग्रिचा, आमात्रिचाना या पास्त्यांना तोच लागतो. पार्मिजानोच्या जागी तेवढाच पेकोरिनो घातलात तर पदार्थ खारट होणारच. चीज थोडं कमी करा, आणि पास्ता उकळायच्या पाण्यात मीठ निम्म्यावर आणा. काचो ए पेपेत गुठळ्या होतात त्या चीज वाईट म्हणून नाही, कढई फार तापलेली म्हणून. गॅस बंद करून, पास्त्याचं पिठूळ पाणी थोडं निवल्यावर त्यात कीस कालवा.

'पार्मेझान' हे नाव युरोपीय संघात फक्त पार्मिजानो रेज्जानोलाच लावता येतं. तिथल्या न्यायालयाने 2008मध्ये तसा निकाल दिला. अमेरिकेत मात्र ते कुणीही लावू शकतं. म्हणून शिकागोतल्या भाचीने पाठवलेल्या हिरव्या डब्यात काय आहे, ते घटकांची यादी वाचूनच ठरवा.

शाकाहारी मंडळींनी हे मुद्दाम ऐकावं. पार्मिजानो आणि ग्राना वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, पेकोरिनो रोमानो कोकराच्या. यातलं एकही शाकाहारी नाही. सूक्ष्मजीवांच्या रेनेटने बनवलेली कडक चीज मिळतात, ती वापरा. स्वयंपाकात चांगली चालतात, फक्त नाव वेगळं असतं. आणि किसून झाल्यावर पार्मिजानोची साल फेकू नका. ती खाता येते. ब्रशने घासून धुवा आणि भाज्यांच्या सूपमध्ये तासभर उकळू द्या.