घुमटाच्या खोक्यातला क्यूआर कोड

(सुरुवातीला फक्त घुमटाचा आवाज. निवेदन दहा सेकंदांनंतर.)

हे गोव्यातलं डिचोली. आणि हे मडकं बघा, दोन्ही बाजूंनी उघडं, एक तोंड मोठं, एक बारीक. मोठ्या तोंडावर चामडं ताणून बसवलं की झालं घुमट. आधी घोरपडीचं चामडं लावायचे, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही, म्हणून आता बकऱ्याचं. २०१९ मध्ये गोवा सरकारने याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. कॅमेरा आपण मुद्दाम मागच्या हातावर ठेवलाय, बारीक तोंड तो हात कसा झाकतो नि सोडतो ते बघा, सगळी गंमत तिथेच आहे, आणि लांबून बघून ती कळत नाही.

घुमट शिकवणाऱ्या मास्तरांचा ऑनलाइन कोर्स निघाला तो यातूनच. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरोघर आरत्या होतात, म्हणणारे पुष्कळ, काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि झांजेसारखे कासाळे वाजवणारेही मिळतात, पण घुमट नीट धरणारा शोधावा लागतो. मग भाच्याने अंगणात मोबाईल लावला, हाताचे क्लोजअप घेतले, आरत्यांची पीडीएफ जोडली, किंमत ठेवली १००० रुपये.

आधी फेसबुकवर जाहिरात केली. लाइक भरपूर पडले, खाली नमस्काराचे हात पडले, पण कोर्स घेतला मोजून चार जणांनी. पैसे जाहिरातीत गेले ते गेलेच.

मग कोर्स कमिशनवर विकायला पार्टनर घेतले. आता हा लॅपटॉपचा स्क्रीन. ही लिंक, आणि हिच्या शेवटी जे चार-पाच अक्षरांचं शेपूट आहे ना, तो पार्टनरचा नंबर. तुम्ही लिंक दाबली की ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे कोणाच्या लिंकवरून आलात त्याची छोटी नोंद, बसते, तीस दिवसांत कधीही कोर्स घेतला तर कमिशन त्या पार्टनरला, नाही घेतला तर मास्तरांना एक पैसा द्यावा लागत नाही. पद्धत काही नवी नाही, अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्येच पुस्तकांसाठी हे सुरू केलं होतं. मास्तरांना मात्र आधी ती दलालीच वाटली, आणि खरं सांगायचं तर आहेच, फक्त हिशोब उघडा आहे.

कमिशन ४० टक्के, म्हणजे हजारातले चारशे. ऐकायला जास्त वाटतं, पण व्हिडिओची दुसरी कॉपी काढायला ना माती लागते ना चामडं. दुकानातल्या घुमटावर एवढं कोण देईल?

गाडी अडली ती कुकीवर. लोक लिंक इन्स्टाग्रामच्या आत उघडतात, बघतात, आणि रात्री निवांत क्रोममध्ये जाऊन विकत घेतात, तिथे ती कुकी नसतेच. दोघांच्या लिंक दाबल्या असतील तर शेवटची दाबलेली जिंकते, म्हणजे ज्याने खरं समजावून सांगितलं तो कोरडाच. म्हणून भाच्याने प्रत्येकाला वेगळा कूपन कोड दिला. कोड टाकला की घेणाऱ्याला शंभर रुपये सूट आणि विक्री कोणाची यावर भांडण नाही. पैसे परत मागायची मुदत पंधरा दिवस, ती संपल्याशिवाय कमिशन सुटत नाही.

हे म्हापशाचं वाद्यांचं दुकान, दुकानदार मास्तरांचा पार्टनर. घुमट खोक्यात घालताना दुकानदार आत काय टाकतो बघा, क्यूआर कोडचं कार्ड, आणि त्यावर स्वतःच्या पेनाने लिहिलंय की यातून मला कमिशन मिळतं. २०२२ च्या ग्राहक संरक्षणाच्या जाहिरात नियमांत असं नातं उघड सांगायला सांगितलंय, पण ह्याने ते गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं बोलवत नाही म्हणून लिहिलं.

फोंड्याचा हा पेटीवाला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज मेसेज टाकत नाही, फक्त चवथीच्या आधी महिनाभर, स्वतः चुकत चुकत वाजवलेला व्हिडिओ टाकतो आणि खाली कोड. ह्या पेडण्याच्या बाई, यांच्या आरतीच्या ग्रुपमधल्या बायका आता घुमट धरतात, पुढचं चित्र त्यांचंच आहे, तिथे मी बोलणार नाही.

(घुमट, शामेळ, कासाळे. निवेदन नाही.)

दुबईतला पार्टनर चांगला चालतो पण त्याचं शूटिंग झालं नाही, हा फक्त स्क्रीनशॉट. आणि एकाने आठ दिवसांत घुमट वाजवता येईल असं सांगून खूप कोर्स खपवले, तेवढेच परत आले, त्याचा कोड बंद केला.

हे मास्तरांचं अंगण, संध्याकाळ. चामडं सैल पडलंय म्हणून घुमट शेकायला धरलंय. फोन वाजला तो पेडण्याच्या कोडवर कोर्स गेल्याचा. मास्तरांनी बघितला, उलटा ठेवला, आणि चामड्यावर बोट मारून बघतायत. अजून नाही. आणखी थोडं शेकायला हवं.