दोर कोणाच्या हाती?

राजेहो, पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘बंदिस्त जागेतील काम आणि संघभावना’. ‘संघभावना’ हा शब्द छापणाऱ्याचा, मी साधा दोरवाला. साडेनऊला थ्री फेज येईल अन् अर्धा हॉल मोटार लावायला पळेल, म्हणून आधी माझं दुखणं सांगून घेतो.

सरकीच्या तेलाच्या एका गिरणीत मी होतो. नाव सांगत नाही, मालकाचे सोयरे पुढच्याच रांगेत आहेत. तिथली जमिनीतली सांडपाण्याची टाकी दरवर्षी उपसायची. एक गडी आत, त्याच्या पट्ट्याचा दोर बाहेर माझ्या हातात. नवा सुपरवायझर आला. म्हणे, “हा काहून नुसता उभा?” अन् माझी अर्धी हजेरी कापली! घरी बायको म्हणाली, उभं राहायचे पैसे देतं कोण? खुंटीही उभीच असते.

पण खुंटी बोलत नाही, मी बोलायचो. दर दोन मिनिटांनी आतल्याला काही ना काही विचारायचं. तुरीचा भाव, पोळ्याला कोणाची जोडी पुढं, काहीही. एकदा विचारलं, “आज बाजार कुठचा?” उत्तर आलं, “हो.” पुन्हा विचारलं. पुन्हा “हो.” आता ‘हो’ नावाचं गाव अख्ख्या वऱ्हाडात नाही! दोघांनी कप्पीवरून वर ओढला. तो आधी ओकला, मग काखा सोलल्या म्हणून मलाच शिव्या दिल्या. ती अर्धी हजेरी अजून मिळाली नाही, बरं का.

निवृत्त झाल्यावर कळलं की 1948 च्या कारखाने कायद्यात, कलम 36 मध्ये, दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावं असं लिहिलं होतं. म्हणजे मी कायद्यातला माणूस होतो अन् मलाच पत्ता नाही.

किती वाजले? बाप्पा! मग मुख्य मुद्दे पळतपळत. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं 1986 साली सांगितलं, अशा जागांत मेलेल्यांपैकी 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले होते. आपल्या विहिरींत तेच होतं. गाळ काढणारा पडला की त्याच्यामागं भाऊ, भावामागं बाप. विहिरीत उतरवलेल्या इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कंदील सोडून पाहता, पण त्याला हा वायू कळत नाही, अन् गोबरगॅसच्या टाकीत तर कंदिलानंच भडका उडेल. सडक्या अंड्याचा वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नाही, जास्त गॅसनं नाकच बधिर होतं. हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. मीटरवर 19.5 च्या खाली दिसला की उतरायचं नाही. माणसं चार: एक आत, एक दोरावर, एक मीटर अन् पंख्यापाशी, एक फोन घेऊन. दोरवाल्यानं जागा सोडायची नाही, आत सख्खा भाऊ पडला तरी. तिथूनच ओढायचं, ओरडायचं.

उठले, मागचे उठले! जा, मोटार लावा. फक्त ज्यांनी विहिरीत इंजिन उतरवलंय, ते थांबा. तुमच्याशी बोलायचं आहे.