नृत्यशिक्षकाच्या मुलाखतीला काय घालावं?

नमस्कार श्रोतेहो.

नृत्य शिकवण्याच्या नोकरीची मुलाखत बहुतेक वेळा दोन जागी होते, आधी खुर्चीवर आणि मग फ्लोअरवर. खुर्चीवर शिक्षण आणि अनुभव विचारतात, फ्लोअरवर छोटा डेमो क्लास घ्यायला लावतात. कपड्यांचा घोळ होतो तो या दोन टप्प्यांमध्ये. कडक इस्त्रीची पॅंट घालून आलेल्या उमेदवाराला डेमोत नीट बसताच येत नाही, आणि थेट सरावाच्या कपड्यांत आलेला उमेदवार संचालकांसमोर अंग चोरून बसतो.

म्हणून कपाट उघडण्याआधी संस्थेत फोन करा. डेमो आहे का, विद्यार्थी कोणत्या वयाचे, फ्लोअर लाकडी आहे, व्हिनाइलचं आहे की फरशी, आणि कपडे बदलायला जागा मिळेल का, एवढं विचारून घ्या. असं विचारलेलं कुणालाही खटकत नाही.

कपडे बदलायला जागा नसेल असं धरूनच चाललेलं बरं. आत डेमोचे कपडे, वर मुलाखतीचे. अंगालगत बसणारा टॉप आणि काळी जॅझ पॅंट किंवा जाड लेगिंग, त्यावर ब्लेझर किंवा समोरून उघडणारा लांब कुर्ता. वरचा कपडा डोक्यावरून काढावा लागू नये, नाहीतर बांधलेले केस ऐन वेळी विस्कटतात. या वरच्या थराचा आणखी एक फायदा आहे. आपला नंबर येईपर्यंत बसून राहावं लागतं, तोवर वॉर्म-अप केलेले स्नायू पुन्हा थंड पडतात. अंगावर एक थर असला की ऊब टिकते.

आता मुख्य मुद्दा. शिक्षकाचं शरीर हाच वर्गातला फळा असतो. बॅलेतलं प्लिये असो वा भरतनाट्यममधली अरमंडी, दोन्हींत गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवतात, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. तो आत पडला की गुडघ्यावर ताण येतो, आणि हेच तर विद्यार्थ्याला दाखवायचं असतं. ढगळ पॅंटमध्ये गुडघा कुठे चाललाय ते दिसतच नाही. मोठ्या टी-शर्टमध्ये कंबर आणि पाठीचा कणा झाकला जातो. परीक्षकांना वाटतं, हे काहीतरी लपवतायत. हिप-हॉपला सैल कपडे चालतात, शोभतातही, पण पावलं झाकणारी पॅंट तिथेही नको. पायाचं काम दिसलं पाहिजे. कथकसाठी कुर्ता-चुडीदार आणि छातीवरून घेऊन कमरेला पक्की बांधलेली ओढणी, भरतनाट्यमसाठी सरावाची साडी हा पेहराव उत्तमच. कुर्ता मात्र घोट्यापर्यंत लांब नको. रंगमंचावरचा पोशाख, दागिने आणि पूर्ण मेकअप करून जाऊ नका. शिकवायला बोलावलंय, कार्यक्रमाला नाही.

रंगाचंही बघा. स्टुडिओचे पडदे काळे असतील आणि तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत काळे, तर हातांची लाइन मागे विरून जाते. खाली गडद आणि वर एखादा सपाट, उठून दिसणारा रंग ठेवा. करड्या रंगावर घामाचे डाग चटकन दिसतात. निव्वळ सुती टॉप घाम पितो, जड होतो आणि लवकर वाळत नाही. थोडं ताणलं जाणारं मिश्र कापड जास्त सोयीचं.

आदल्या दिवशी सगळे कपडे घालून, भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहा. दोन्ही हात वर न्या, पोट उघडं पडतंय का? पुढे वाका, गळा लोंबतो का? आरशाकडे पाठ करून पूर्ण खाली बसा आणि मान वळवून पाहा, लेगिंग ताणून पारदर्शक होते का? मग चार गिरक्या आणि दोन उड्या. यात एकदाही हात कपडा सावरायला गेला, तर तो कपडा बाद. डेमोत तो हात पुन्हा पुन्हा तिकडेच जाईल, आणि मुलं तेही तुमच्याबरोबर करतील!

बाहेरची पादत्राणं फ्लोअरवर नेऊ नका. तळव्यातला खडा व्हिनाइल ओरबाडतो, काही काळ्या रबरी सोलचे पट्टे उमटतात. नृत्याचे शूज वेगळ्या पिशवीत न्या, पण कोरे करकरीत नकोत, आठवडाभर वापरून मऊ केलेले हवेत. नुसत्या मोज्यांवर तर अजिबात नाचू नका, पाय घसरतो. अनवाणी नाचायचं असेल तर टाचांच्या भेगा आधीच बघून घ्या.

अंगठ्या, घड्याळ, लोंबते कानातले काढून ठेवा. जोडीनृत्यात अंगठी समोरच्याच्या हातात रुतते, आणि पट्ट्याचं बकल किंवा मागची झिप जमिनीवर लोळताना पाठीला टोचते. केस चेहऱ्यावर येऊ देऊ नका, कारण लहान मुलं सूचना ऐकण्याआधी तुमचा चेहरा वाचतात. बंद खोलीत उग्र अत्तर नको.

पिशवीत एक जादा टॉप, छोटा टॉवेल, सेफ्टी पिना, केसांच्या पिना आणि पाणी असू द्या. डेमो संपल्यावर पुष्कळदा पगार आणि वेळापत्रकाचं बोलायला पुन्हा आत बोलावतात. तेव्हा दोन मिनिटं मागून घ्या, घाम टिपा, कोरडा टॉप घाला, वर ब्लेझर चढवा आणि मगच खुर्चीवर बसा.