जुन्या इंजिनाला डिकोडर बसवण्याआधी

नमस्कार. टेबलावरचं हे मॉडेल रेल्वेचं डिझेल इंजिन एच-ओ मापाचं आहे, म्हणजे प्रमाण १:८७ आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. मला ते चोर बाजारात मिळालं, बंद पडलेल्या कॅमेऱ्यांच्या ढिगाखाली. ते बनलं तेव्हा डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, नव्हतंच. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेने डीसीसीचं मानक ठरवलं, ते १९९० नंतरच्या दशकात.

फरक थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीत, म्हणजे साध्या डीसीत, रुळात जितके व्होल्ट, तितका वेग, त्यामुळे एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम पळतात. डीसीसीत रुळात पूर्ण दाब कायम असतो आणि त्याच विजेतून हुकूम जातात. इंजिनातला डिकोडर आपल्या नंबराचा हुकूम तेवढा उचलतो आणि मोटर फिरवतो.

आपल्या लोकलनेही असा बदल पाहिलाय. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. २०१६ पर्यंत सगळं २५,००० व्होल्ट एसीवर आलं. मधली कित्येक वर्षं लांबच्या गाड्यांना दोन्हीवर चालणारी डब्ल्यूसीएएम इंजिनं कामाला आली. बरेच डिकोडरही तसेच, साध्या डीसीवरही चालतात. म्हणून घाई नको, एकेक इंजिन करत जा.

आता खरेदी. लोक आधी रंग बघतात, मी आधी उलटं करून पोट बघतो. जस्ताच्या जुन्या ओतकामात शिशाची भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो, आणि आपल्या दमट हवेत हे जास्तच होतं. सांगाड्यावर केसाएवढी भेग दिसली किंवा तो वाकलेला वाटला, तर कितीही देखणं असो, खाली ठेवा. त्याला औषध नाही. मग चाकं फिरवून बघा, बोटाने फिरत नसतील तर विजेवर. प्रत्येक फेरीला एकदा ‘ठक्’ झालं तर प्लास्टिकचं गिअर चिरलंय. गिअर बदलता येतं, पण तेवढा भाव कमी करून घ्या. घट्ट झालेल्या ग्रीसची मात्र धास्ती नको, ते साफ होतं. आणि खोक्यावर ‘डीसीसी रेडी’ लिहिलं असेल, तर आत डिकोडर आहे असा अर्थ नाही. बसवायला जागा किंवा सॉकेट आहे, एवढाच.

घरी आणल्यावर आधी डीसीवर चालवा. डीसीवर अडखळणारं इंजिन डिकोडर घालून सुधारत नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोटरला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश पाहा, तेल थेंबभरच. मग मल्टिमीटर दहा अँपिअरवर लावून मोटरच्या वाटेत जोडा, १२ व्होल्ट द्या आणि फिरती मोटर सेकंदभर बोटांनी अडवा. जो आकडा येईल तो डिकोडरच्या क्षमतेत बसला पाहिजे. एच-ओचे साधे डिकोडर सलग एक अँपिअरच्या आसपास झेलतात. जुन्या मोटरीचं चुंबक क्षीण झालं असेल तर ती जास्त वीज ओढते. तिथे नवं निओडिमियम चुंबक घाला, नाहीतर मोटरच बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश बहुधा सरळ सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाडा एका रुळाला. डीसीवर ते चालून जातं. डीसीसीत रुळाची वीज मागच्या दाराने मोटरवर येते आणि डिकोडर क्षणात जळतो. माझा पहिला डिकोडर असाच गेला. मोटरखालची पितळी पट्टी मी टेपने झाकली होती, पण तिचं एक टोक, तांदळाच्या कणीएवढं, बाहेर राहिलं होतं. तो जळका वास मला अजून आठवतो. म्हणून मीटर ‘बीप’वर ठेवा. एक टोक ब्रशला, दुसरं सांगाड्याला, मग प्रत्येक चाकाला. दोन्ही ब्रशांची ही तपासणी होऊन कुठेही आवाज आला नाही, तरच सोल्डर गरम करा.

तारा सोप्या आहेत. लाल आणि काळी रुळांकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी दिव्यांची सामाईक. एलईडी असेल तर त्याच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर हवाच. तो लॅमिंग्टन रोडला चिल्लरमध्ये मिळेल.

पहिली चाचणी नेहमी प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरचा नंबर वाचायच्या-बदलायच्या वेगळ्या रुळावर घ्या. तिथे वीज मोजकीच सोडतात, चूक असली तरी डिकोडर वाचतो. आता मी याचा नंबर विचारतो. नव्या डिकोडरचा तो ३ असतो. पुढच्या रांगेतल्यांनी इंजिनाकडे नीट बघा. डिकोडर उत्तर देताना मोटरला बारीक धक्के देतो, त्या धक्क्यांनी इंजिन जागच्या जागी थरथरतं. हे बघा, थरथरलं. पडद्यावर तीन.