पेगी कार्टरचं १९४६ साल

नमस्कार श्रोतेहो.

एक इंजेक्शन टोचलं की काटकुळ्या पोराचा महाबली होतो, अशा गोष्टीत इतिहासाच्या चुका कसल्या काढत बसायच्या? 'एजंट कार्टर' या अमेरिकी मालिकेचा विषय निघाला की कुणी ना कुणी हे विचारतंच. मला ते पटत नाही. इंजेक्शनची थाप आपण गोष्टीत शिरतानाच मान्य केलेली असते. १९४६ च्या न्यूयॉर्कबद्दल तसा काही करार झालेला नसतो. उलट ते शहर खरं वाटलं, तरच थाप पचते.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एबीसी वाहिनीवर जानेवारी २०१५ मध्ये ती सुरू झाली. हेली ॲटवेलनं साकारलेली पेगी कार्टर ही इंग्रज बाई. महायुद्धात, त्या इंजेक्शननं महाबली झालेल्या कॅप्टन अमेरिकाच्या बरोबरीनं लढलेली. युद्ध संपल्यावर मात्र न्यूयॉर्कमधल्या 'एसएसआर' नावाच्या गुप्त कचेरीत ती फायली लावते, पुरुष सहकाऱ्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते आणि त्यांच्या नकळत खरी हेरगिरी करते.

एसएसआर काल्पनिक आहे, पण साल विचार करून निवडलेलं दिसतं. अमेरिकेची युद्धकाळातली हेरसंस्था, ओएसएस, १ ऑक्टोबर १९४५ ला बरखास्त झाली. सीआयए जन्माला आली ती १९४७ मध्ये. मधल्या काळात हे सगळं खातं अधांतरी होतं. त्याचे काही तुकडे युद्धखात्याकडे गेले आणि त्यांना नाव मिळालं 'स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस युनिट'. मालिकेतली कचेरी आहे 'स्ट्रॅटेजिक सायंटिफिक रिझर्व्ह'. फट बरोबर शोधली आहे.

आता एक गंमतशीर चूक. पेगी जिथं नेहमी खायला जाते ते 'ऑटोमॅट' ही त्या काळच्या न्यूयॉर्कची खासियत. भिंतीभर काचेच्या छोट्या दारांचे कप्पे, आत गोड सारणाचा 'पाय' नावाचा भाजलेला पदार्थ, सँडविच. नाणं टाकायचं, खटका फिरवायचा, दार उघडून बशी बाहेर काढायची. हॉर्न अँड हार्डार्टची ही दुकानं चालायची ती याच सोयीवर, की वाढायला कुणी नाही आणि टिप द्यायला नको. मालिकेतल्या ऑटोमॅटमध्ये मात्र अँजी नावाची वेट्रेस आहे! ही चूक मी आनंदानं माफ करते. अँजी नसती तर पेगीला मैत्रीण मिळाली नसती. शिवाय अँजीशी उद्धटपणे वागणाऱ्या गिऱ्हाइकाला पेगी शांतपणे काटा टोचून दम देते, तो झकास प्रसंगही गेला असता. पेगी राहते ते, पुरुषांना वर यायला बंदी असलेलं ग्रिफिथ हॉटेल मात्र अस्सल वाटतं. तसं बार्बिझॉन नावाचं हॉटेल न्यूयॉर्कमध्ये खरोखर होतं आणि १९८१ पर्यंत ते फक्त स्त्रियांसाठीच होतं.

यंत्रांबद्दल लोक उगाच कुरकुरतात. आपोआप टकटकून रशियन हेरांचे निरोप छापणारा टाइपरायटर म्हणे फारच अतिशयोक्त! आपण रेडिओवर आहोत, म्हणून एक खरी गोष्ट ऐकाच. ऑगस्ट १९४५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. राजदूतानं ते आपल्या अभ्यासिकेत टांगलं. त्याच्या पोटात एक यंत्र होतं. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की तेवढ्यापुरतं ते जागं व्हायचं आणि खोलीतलं बोलणं बाहेर पोचवायचं. झोत थांबला की पुन्हा मुकं लाकूड. ते बनवलं होतं थेरेमिन या वाद्याच्या जनकानं. सात वर्षं, १९५२ पर्यंत, ते कुणाला सापडलं नाही. एवढं मालिकेत दाखवलं असतं, तर प्रेक्षकांनी लेखकांना वेड्यात काढलं असतं.

माझी खरी तक्रार निराळीच आहे. मालिकेतली सगळ्यांत मोठी ऐतिहासिक थाप म्हणजे पेगीचं एकटेपण.

कचेरीत हेर म्हणून ती एकटीच बाई. बाकीच्या बाया दर्शनी भागात टेलिफोन कंपनीचं सोंग सांभाळणाऱ्या ऑपरेटर. तिला मिळणारी वागणूक खरी आहे, त्यात वाद नाही. तिच्या कामाचं श्रेय सहकारी थॉम्पसन घेऊन जातो, तेही खरंच वाटतं. पण ओएसएसमध्ये ऐन भरात सुमारे १३,००० माणसं होती आणि त्यांतल्या साडेचार हजारांच्या आसपास बायका होत्या. पेगीनं आधी जिथं काम केलं असं मालिका सांगते, त्या ब्लेचली पार्कमध्ये, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश केंद्रात, तर युद्ध संपेपर्यंत दर चारांतल्या तीन बायका होत्या. तिथून ती 'एसओई'त, म्हणजे शत्रूच्या मुलखात हेर आणि घातपाती पाठवणाऱ्या ब्रिटिश गुप्त संस्थेत जाते. या संस्थेच्या फ्रान्स विभागानं ३९ स्त्रिया शत्रूच्या मुलखात उतरवल्या.

त्यांतली एक नूर इनायत खान. तिचे वडील इनायत खान हे गायकवाडांच्या बडोद्यात वाढलेले गवई, आजोळ संगीतकार मौलाबक्षांचं. जून १९४३ मध्ये नूर फ्रान्सात उतरली ती वायरलेस ऑपरेटर म्हणून. सुटकेसमध्ये मावणारा संच, वजन पंधरा किलोच्या घरात. एरियलची लांबलचक तार लोकांच्या नजरेला न पडता कुठंतरी बांधायची, संदेश पाठवायचा आणि जर्मनांच्या लहरी हुंगणाऱ्या गाड्या पोचायच्या आत गाशा गुंडाळायचा. ऑक्टोबरपर्यंत तिनं हे निभावलं, मग पकडली गेली. सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली.

दुसरी व्हर्जिनिया हॉल, अमेरिकन. शिकारीतल्या अपघातात डावा पाय गेलेला. लाकडी पायाला तिनं लाडानं 'कथबर्ट' असं नाव ठेवलं होतं. तो पाय घेऊन १९४२ च्या नोव्हेंबरात तिनं फ्रान्स आणि स्पेनमधला पिरेनीज पर्वत पायी ओलांडला. युद्धानंतर तिला मोठं शौर्यपदक मिळालं आणि नंतर सीआयएत नोकरीही. तिथं बहुतेक काळ टेबलाशी बसवलं. १९६६ मध्ये ती निवृत्त झाली. पेगीची व्यथा ती हीच, फक्त ती एकटीची नव्हती. लेखकांनी नायिका उठून दिसावी म्हणून आजूबाजूच्या बाया पुसून टाकल्या.

आणि पुसलेल्या फक्त बायाच नाहीत. पहिल्या हंगामातलं न्यूयॉर्क जवळजवळ सगळं गोरं आहे. हार्लेमसारखी कृष्णवर्णीयांची नामांकित वस्ती ज्या शहरात आहे, ते शहर! मालिकेतच एक रेडिओ नाटक आहे, त्यात कॅप्टन अमेरिका दर वेळी बेटी कार्व्हर नावाच्या भित्र्या नर्सला सोडवतो. ते ऐकून पेगीचा जीव मेटाकुटीला येतो. फार छान थट्टा आहे. पण खऱ्या १९४६ च्या उन्हाळ्यात अमेरिकन मुलं रेडिओवर काय ऐकत होती? सुपरमॅन कू क्लक्स क्लॅनसारख्या वर्णद्वेषी टोळीशी लढतोय, अशी १६ भागांची मालिका. म्हणजे वर्णद्वेषाबद्दल त्या काळचा मुलांचा रेडिओ २०१५ च्या टीव्हीपेक्षा धीट निघाला.

दुसऱ्या हंगामात चूक थोडी सुधारली. गोष्ट १९४७ च्या लॉस एंजेलिसला गेली, जेसन विल्क्स हा कृष्णवर्णी शास्त्रज्ञ आला, आणि ऑपरेटर रोझ टेलिफोन सोडून चक्क मोहिमेवर निघाली. पेगी आणि विल्क्स एकमेकांकडे ओढलेही जातात. लोकांचे टोमणे मालिका दाखवते, कायद्याचं नाव मात्र काढत नाही. कॅलिफोर्नियात तेव्हा गोऱ्या आणि काळ्या माणसांचं लग्न बेकायदा होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी मोडीत काढली ऑक्टोबर १९४८ मध्ये. तिसऱ्या हंगामाला केवढा मसाला होता! पण २०१६ मध्ये वाहिनीनं मालिकाच गुंडाळली, आणि पेगी १९४७ मध्येच राहिली.

नमस्कार.